आपल्यातील उणे सांगावे कसे?

स्वतःची स्तुती स्वतःच्या तोंडाने करू नये, हा धडा आपल्या घरांतून मुलांना अगदी लहानपणी मिळतो. परंतु स्वतःचे उणे स्वतःच्या तोंडाने कसे सांगावे, हा धडा कोणत्या घरात दिला जात असल्याचे आमच्या पाहण्यात नाही. उलट उणे झाकावे कसे, याचे शिक्षण मात्र यथासांग होते. लग्न जमविताना मुलीचा चष्मा, मुलाचा दमा, घरातील एखाद्या वडीलधाऱ्याचा तापट स्वभाव, या गोष्टी पाहुण्यांच्या कानावर जाऊ नयेत म्हणून केवढा बंदोबस्त! नोकरीच्या अर्जात तर प्रत्येक उमेदवार सद्गुणांचा पुतळाच असतो. अशा वळणात वाढलेल्या मुलामुलींपुढे परीक्षकांनी एकाएकी ‘तुमच्यातील एक उणीव सांगा’ असा प्रश्न टाकला म्हणजे ती बिचारी गांगरून जातात, यात नवल ते काय?

हा प्रश्न आजकाल बहुतेक सर्वच मुलाखतींत विचारला जातो आणि पुष्कळ ठिकाणी तो केवळ रूढी म्हणून विचारला जातो. विचारणाऱ्याला उत्तराची फारशी चाड नसते आणि देणाऱ्यालाही नसते. परंतु एक विद्या अशी आहे की, तिच्या शाळेच्या दारात हा प्रश्न पुसला गेला तर तो रूढीचा राहत नाही, त्या विद्येच्या गाभ्यालाच जाऊन भिडतो. ती विद्या म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, अर्थात व्यवसायोपचार. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले आमचे नाहूर गाव, जेथे २००३ साली रेल्वेचे स्थानक झाले आणि कारखान्यांच्या आवारांतून उंच इमारती उठल्या, तेथील घरांतूनही आता या विद्येसाठी परदेशी अर्ज जाऊ लागले आहेत. अर्जामागून मुलाखत येते आणि मुलाखतीच्या चिंतेने सारे घर भारून जाते. म्हणून या एका प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम नावाविषयी. ‘व्यवसाय’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुकान किंवा कचेरी उभी राहते आणि व्यवसायोपचार म्हणजे आजाऱ्याला नोकरी मिळवून देण्याची काही योजना असावी, असा समज होतो. तो बरोबर नाही. मनुष्य सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत जे जे करतो, दात घासणे, आंघोळ, कपडे घालणे, जेवणे, लिहिणे, पोळी लाटणे, नातवंडांस खेळविणे, ते सारे या शास्त्राच्या दृष्टीने व्यवसायच होय. दुखण्याने, अपघाताने, वार्धक्याने किंवा जन्मजात व्यंगाने यांपैकी जे करता येईनासे झाले असेल, ते पुन्हा करता यावे, किंवा दुसऱ्या रीतीने करता यावे, म्हणून ते कामच औषधासारखे मात्रेमात्रेने द्यावयाचे, हा या उपचाराचा मार्ग. संस्कृतात ‘व्यवसाय’ या शब्दाचा अर्थ उद्योग असा आहे, तसाच दृढ निश्चय असाही आहे. मराठी नाव ठेवणाऱ्याच्या मनात हा दुसरा अर्थ असो वा नसो, रोग्याच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरतो.

या विद्येची संघटित सुरुवात १९१७ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी झाली. ज्या घरात संस्थापकांची सभा भरली, त्या घराचा यजमान जॉर्ज एडवर्ड बार्टन हा वैद्य नव्हता, तर वास्तुशिल्पी होता. क्षयाने त्याचे शरीर पोखरले होते आणि पुढे डाव्या अंगाला लुळेपणा आला होता. बागेतील आणि सुतारकीची कामे करीत करीत त्याने आपले शरीर पुष्कळसे परत मिळविले आणि तोच अनुभव इतरांस देण्यासाठी आपल्या घराला ‘सांत्वनगृह’ अशा अर्थाचे नाव देऊन ते उघडे केले. म्हणजे या शास्त्राच्या एका मूळ पुरुषाचे सारे भांडवल त्याच्या स्वतःच्या दौर्बल्याचे होते आणि ते त्याने झाकून ठेवले नाही.

आपल्याकडे ही विद्या आणण्याचे श्रेय श्रीमती कमलाबाई निंबकर यांस आहे. १९०० साली अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या बाई विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० साली हिंदुस्थानात आल्या, कमला झाल्या आणि चाळिशी उलटून गेल्यावर पुन्हा विद्यार्थिनी होऊन फिलाडेल्फिया येथे त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी शाळा सुरू केली. आशिया खंडातील ती पहिली म्हणून गणली जाते. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी जी जागतिक संघटना निघाली, तिच्या दहा संस्थापक राष्ट्रांत भारताचे नाव आहे. (महर्षि कर्व्यांची नात, म्हणजे इरावतीबाईंची कन्या जाई, पुढे कमलाबाईंची सून झाली, हे आमच्या वाचकांपैकी ज्यांना नात्यागोत्यांचा शोध प्रिय आहे त्यांच्यासाठी सांगून ठेवतो.)

के. ई. एम., शीव आणि नायर या मुंबईतील रुग्णालयांच्या महाविद्यालयांत आज ही विद्या शिकविली जाते. नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या या पदवीक्रमाचा प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतो. म्हणजे येथे उमेदवारास कोणी त्याच्या उणिवा विचारीत नाही. यंत्र गुण मोजते आणि यादी लागते. या पद्धतीत वशिल्याला जागा राहत नाही, हा तिचा मोठाच गुण. परंतु ज्यास परक्याच्या अंगाला हात लावतानाही किळस येते, त्याचे गुण उत्तम असतील तर त्यास कोणी अडविणार नाही, हेही तितकेच खरे.

ब्रिटनमध्ये या विद्येच्या प्रवेशासाठी बहुधा मुलाखत होते आणि तिच्यात उमेदवाराचे ज्ञान कमी व स्वभाव अधिक पाहिला जातो. यामागे एक दुःखद इतिहास आहे. तेथील स्टॅफर्डच्या सरकारी रुग्णालयात रुग्णांची भयंकर आबाळ झाल्याचे उघडकीस आले आणि रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या हाताने खाऊ न शकणाऱ्यांस कोणी भरविले नाही, पाण्याचा पेला रोग्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहिला, अशा गोष्टी त्यात नमूद आहेत. काम करणारे लोक शिकलेले होते, परवानाधारक होते. मग कमी काय पडले? या विचारमंथनातून आरोग्यसेवेच्या शिक्षणक्रमांस प्रवेश देतानाच उमेदवाराची मूल्ये पारखावीत, हा आग्रह तेथे बळावला. उणिवेचा प्रश्न परीक्षक विचारतात तेव्हा ही पार्श्वभूमी त्यांच्या मनात असते.

आता आमच्या परिचयाच्या एका घरची हकीकत सांगतो. नाहूरच्या एका इमारतीत शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांत मिळून हे एकत्र कुटुंब राहते, स्वयंपाक एकच. घरातील नात मानसशास्त्राची पदवी घेऊन ब्रिटनमधील व्यवसायोपचाराच्या दोन वर्षांच्या उच्च पदवीसाठी मुलाखतीच्या तयारीत होती. एके रविवारी दुपारी घरातील मंडळींनी तिच्याभोवती सभाच भरविली आणि एक जुने मास्तर म्हणून आम्हांसही बोलावणे आले.

काकांनी प्रथम सूचना केली. ‘तू सांग, मी कामात इतकी गढून जाते की मला वेळेचे भान राहत नाही. म्हणजे उणीवही झाली आणि कामसूपणाही दिसला.’ आत्याबाईंचे मत पडले की, इंग्रजी उच्चार जरा कच्चे आहेत एवढेच सांगावे; ते निरुपद्रवी आहे आणि परीक्षकांस ऐकूही येणारच आहे. आजोबांस तर मूळ प्रश्नच मान्य नव्हता. ‘आमच्यात उणे काही नाही, असे स्पष्ट सांगायला काय हरकत आहे?’ असे त्यांनी विचारले आणि त्यावर आजींच्या चेहऱ्यावर जे हसू उमटले, ते पन्नास वर्षांच्या संसाराचे सार होते.

आजींस दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. वाचा शाबूत राहिली, परंतु डावा हात व पाय दुबळे झाले. पुढे एक व्यवसायोपचारक बाई घरी येऊ लागल्या. त्यांनी हाताची तपासणी तर केलीच, पण त्याहीआधी विचारले, ‘आजी, तुमचा दिवस कसा जात असे ते मला सांगा.’ आजींनी सांगितले: पहाटे उठणे, देवाच्या वाती, भाजी निवडणे, दुपारी थोडे वाचन. त्यातूनच उपचार निघाला. पहिल्या दिवसांत उजव्या हाताने मटार सोलावयाचे आणि डाव्याने ताट नुसते धरून ठेवावयाचे. मग शेंग डाव्या हातात धरावयाची. पुढे कापूस पिंजणे आणि कित्येक आठवड्यांनी वाती. मेंदूला इजा झाल्यावर जो अवयव वापरला जात नाही, तो न वापरण्याचीच सवय शिकतो आणि जो पुनःपुन्हा, थोडाथोडा, अर्थपूर्ण कामासाठी वापरला जातो, त्याची वाट मेंदू काही अंशी नव्याने बांधतो, हे या उपचाराचे तत्त्व आहे. म्हणून त्या बाईंनी घरात एकच सक्त नियम घालून दिला: आजी जे करू पाहतील ते त्यांना करू द्या, मागितल्याशिवाय हात लावू नका.

हा नियम आमच्या घरांत पाळला जाणे किती अवघड आहे, हे वाचकांस सांगावयास नको. आजारी माणसास पाण्याचा पेला उचलू देणे हा आपल्यात कर्तव्यच्युतीचा कळस समजला जातो. सून म्हणते, ‘तुम्ही कशाला उठलात?’ मुलगा म्हणतो, ‘आई, तू बस.’ या ‘बस’ म्हणण्यात केवढे प्रेम असते! आणि त्या प्रेमाने त्या बिचारीचा हात कायमचा बसतो. स्टॅफर्डला पाण्याचा पेला दूर राहिला. आपण तो थेट ओठांशी नेऊन लावतो. पहिल्याची चौकशी झाली. दुसऱ्याची कोण करणार? त्याला तर शेजारीपाजारी सेवा म्हणतात.

तर त्या रविवारच्या सभेत सर्वांचे सल्ले देऊन झाल्यावर खुर्चीवरून आजी म्हणाल्या, ‘मला कुणी विचारतच नाही. हिला दम नाही. माझ्या पोलक्याची बटणे मला लावू देत नाही.’

सभा स्तब्ध झाली. काकांनी ‘अगं आई, तो तर तिचा गुण आहे, किती करते ती तुझे!’ असे म्हणून सावरण्याचा यत्न केला. पण नात गप्प बसली होती आणि आम्हांस तिच्या चेहऱ्यावरून कळले की बाण नेमका लागला आहे. कारण इतर कोणत्याही धंद्यात ही गोष्ट गुणात जमा झाली असती. या एकाच विद्येत तो मोठा दोष आहे. ज्याला दुसऱ्याची खटपट पाहवत नाही, तो रोग्याचे काम स्वतः करून मोकळा होईल, रोगी आणि त्याचे नातेवाईक त्याला दुवा देतील आणि रोगी होता तेथेच राहील.

यावरून आम्ही त्या मुलीस जे सांगितले ते येथे थोडे विस्ताराने मांडतो.

उमेदवार बहुधा जे उत्तर देतात, ‘मी फार बिनचूकपणाचा हट्ट धरतो’, ‘मला नाही म्हणता येत नाही’, ‘मी फार कष्ट घेतो’, त्याला आमच्या अलंकारशास्त्रात व्याजस्तुती म्हणतात. वरून निंदा, आतून स्तुती. काव्यात हा अलंकार शोभतो. मुलाखतीत तो परीक्षकास, अलंकारशास्त्र न शिकताही, पहिल्या वाक्यातच ओळखू येतो. कारण त्याने तो त्याच दिवशी सकाळपासून अनेकदा ऐकलेला असतो. दुसऱ्या टोकाला काही सरळ मनाची मुले असतात. ती आपल्या साऱ्या न्यूनांची पोतडी परीक्षकापुढे पालथी करतात. आळस, राग, विसराळूपणा, गणिताची भीती, सर्वच. त्यात प्रामाणिकपणा असेल, पण विवेक नाही. वैद्याने प्रकृती विचारली म्हणून कोणी त्यास सात पिढ्यांचा इतिहास ऐकवीत नाही.

आमच्या जुन्या शास्त्रग्रंथांची एक रीत आम्हांस येथे फार उपयोगी वाटते. ग्रंथकार आपला सिद्धान्त मांडण्यापूर्वी त्यावरचे आक्षेप, म्हणजे पूर्वपक्ष, स्वतःच मांडतो. आणि तो असा मांडतो की प्रतिपक्ष्यालाही त्याहून चांगला मांडता येऊ नये. ज्याचा पूर्वपक्ष लेचापेचा, त्याच्या सिद्धान्तावर पंडित विश्वास ठेवीत नाहीत. उमेदवाराची उणीव हा त्याच्याविरुद्धचा पूर्वपक्ष आहे. तो त्याने पूर्ण बळानिशी, स्वतःच्या तोंडाने मांडावा, म्हणजे पुढचे उत्तर ऐकण्याची परीक्षकास इच्छा होते.

आणि हे मांडण्याची पद्धत त्या विद्येतच तयार आहे. व्यवसायोपचारक रोग्याविषयी ‘हात दुबळा आहे’ एवढेच लिहून थांबत नाही. कोणते काम अडते, कोणत्या वेळी अडते, किती वेळ लागतो, बसून जमते की उभ्याने, कोणत्या साधनाने सुलभ होते, पुढची पायरी कोणती, हे तो नोंदवितो. उमेदवाराने स्वतःची तपासणी याच रीतीने करावी. ‘मी अधीर आहे’ हे उत्तर नव्हे. ते नुसते विशेषण आहे. अधीरपणा कुठे दिसला, कोणाचे काय नुकसान झाले, त्यावर काय उपाय चालू आहे आणि अजून काय उरले आहे, हे उत्तर. उद्या हीच व्यक्ती एखाद्या वृद्ध गृहस्थास ‘तुम्हांला संडासला स्वतः जाता येते का?’ असे विचारणार आहे. तेव्हा त्या गृहस्थाने लाज बाजूस सारून नेमके सांगावे, अशी तिची अपेक्षा असणार. ज्याला स्वतःचे एक साधे उणे धडपणे सांगता येत नाही, त्याने दुसऱ्याकडून एवढ्या धैर्याची मागणी कोणत्या तोंडाने करावी?

मुलीने दोन दिवसांनी जे उत्तर लिहून आणले ते असे: ‘मला दुसऱ्याची खटपट पाहवत नाही. माझ्या आजीला एक बटण लावायला चार मिनिटे लागत. मी चारी बटणे अर्ध्या मिनिटात लावून देत असे. त्यामुळे तिचा हात मागे पडला, हे आमच्याकडे येणाऱ्या उपचारक बाईंनी दाखवून दिले. आता मी तिच्या शेजारी न बसता समोर बसते आणि ती हाक मारीपर्यंत हात मांडीखाली ठेवते. सकाळी घाई असली म्हणजे अजून हात पुढे जातो. गेल्या आठवड्यात दोनदा गेला.’

काकांचा शेवटच्या वाक्यावर तीव्र आक्षेप होता. ‘दोनदा गेला, हे कशाला सांगायचे? सुधारणा झाली एवढे पुरे.’ आम्ही म्हणालो, ते एक वाक्य काढले तर बाकीची सहाही खोटी वाटतील. बावीस वर्षांच्या मुलीने आपला दोष संपूर्ण जिंकल्याचे सांगितले तर ऐकणारा मनातल्या मनात हसेल. याबाबतीत थोरांची उदाहरणेही जपून घ्यावी लागतात. महात्मा गांधींनी आत्मचरित्रात लिहिले आहे की, विलायतेत शाकाहारी मंडळाच्या सभेत त्यांना उभे राहून बोलता येत नसे, आणि पुढे त्या संकोचानेच आपल्याला शब्दांची काटकसर शिकविली. हे खरे आहे, पण ते त्यांनी पंचावन्नच्या पुढे गेल्यावर लिहिले. मधल्या साऱ्या आयुष्याने त्या वाक्याची किंमत चुकती केलेली होती. तरुण उमेदवाराने ‘माझा दोष हाच माझा गुण’ असे म्हणणे म्हणजे न केलेल्या कर्जफेडीची पावती दाखविणे होय.

त्यापेक्षा लोकमान्यांचे उदाहरण या कामी जवळचे आहे. डेक्कन कॉलेजात गेल्यावर प्रकृती नाजूक आहे, पुढील कामांस ती पुरणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि पहिले वर्ष व्यायामास वाहिले. त्या वर्षीच्या अभ्यासावर पाणी सोडावे लागले, तेही त्यांनी सोसले. उणीव नेमकी, उपाय नेमका आणि त्याची किंमतही उघड. मुलाखतीच्या उत्तराला याहून निराळे काय लागते?

आणि बाबा आमट्यांची गोष्ट तर या विषयाच्या थेट मुळाशी जाते. वरोऱ्यास नगरपालिकेत असताना भंगीकाम करून पाहिलेला, स्वतःला निर्भय समजणारा हा तरुण वकील एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या महारोग्यास पाहून भयाने पळून गेला. पुढे तो परत फिरला, त्याने त्या मरणोन्मुख माणसाची शुश्रूषा केली. पण पळालो ही गोष्ट त्याने कधी लपविली नाही. उलट, तेथूनच आपले काम सुरू झाले असे ते सांगत. त्या भयावर उपाय म्हणून त्यांनी कलकत्त्यास जाऊन महारोगाचे शिक्षण घेतले. १९४९ साली त्यांनी स्थापिलेल्या महारोगी सेवा समितीच्या आनंदवनात बोटे झडलेल्या हातांनी शेती झाली, हातमाग चालले. व्यवसायोपचार हे नाव तेथे कोणी घेतले असो वा नसो, काम तेच होते.

काही गोष्टी मात्र सांगू नयेत, किंवा त्या ठिकाणी सांगू नयेत. आपल्याकडे आजार आणि उणीव यांची सरमिसळ फार होते. एखाद्यास मधुमेह असेल, पूर्वी मनाचे दुखणे होऊन गेले असेल, वाचनात अक्षरे उलटसुलट दिसत असतील, तर ती स्वभावातील उणीव नव्हे आणि या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती पुढे करण्याचे बंधन नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्याने अशा गोष्टींस संरक्षण आहे. विद्यापीठे त्यांची विचारणा निराळ्या कागदावर करतात, साहाय्य देता यावे म्हणून, आणि तेथे ती माहिती अवश्य द्यावी. आपल्याकडेही २०१६ च्या अपंगविषयक कायद्याने वाचनलेखनातील विशिष्ट अडचणींस मान्यता दिली आहे. तरीही घरातील वडील मंडळी ‘लिहू नकोस, शिक्का बसेल’ असे सांगतात आणि मुलाला मिळणारा जास्तीचा वेळ व साधने आपल्या हाताने घालवितात.

उलटपक्षी, काही उणिवा अशा असतात की त्या सापडल्यावर उत्तर सजविण्याऐवजी अर्जच पुन्हा विचारात घ्यावा. म्हाताऱ्या माणसांच्या संगतीत ज्याचा जीव गुदमरतो, एकच गोष्ट दहांदा समजावून सांगावी लागली की ज्यास संताप अनावर होतो आणि त्याविषयी ज्यास खेदही वाटत नाही, त्याने दुसरी वाट धरणे रोग्यांच्या दृष्टीने उपकाराचे होईल. मुलीस ‘डॉक्टरकी नाही तर निदान हे तरी’ म्हणून या मार्गाला लावणाऱ्या आईबापांनीही हे ध्यानात घ्यावे. ही विद्या वैद्यकाची धाकटी जाऊ नव्हे. तिचे घर वेगळे आहे.

आणखी एक नाजूक मुद्दा त्या मुलीनेच काढला आणि तो आम्हांस फार आवडला. ‘माझी उणीव सांगताना आजीची असहायता परक्यांपुढे मांडली जाते. ती मांडण्याचा अधिकार मला आहे का?’ ज्या धंद्यात रोग्याची प्रत्येक गोष्ट गुप्त ठेवावयाची, त्यात शिरू पाहणाऱ्याने पहिल्याच दिवशी हा विचार करावा, हे सुचिन्ह होय. ती आजींजवळ गेली आणि तिने उत्तर वाचून दाखविले. आजींनी ऐकून घेतले, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘सांग खुशाल. पण चार मिनिटे लागत, एवढ्यावर थांबू नकोस. आता तीन लागतात, तेही सांग.’ त्याप्रमाणे दुरुस्ती झाली.

उत्तर पाठ करून घेण्याचा मोह मात्र टाळावा. पाठ केलेल्या उत्तरावर परीक्षकाने उपप्रश्न टाकला की ते कोलमडते, आणि उपप्रश्न येतोच: ‘तेव्हा तुम्हांला काय वाटले?’, ‘रोग्याच्या मुलानेच तुम्हांला आग्रह केला की तुम्हीच करा, तर?’ या दुसऱ्या प्रश्नाची तयारी आपल्या एकत्र कुटुंबांतून जशी होईल तशी दुसरीकडे कोठे होणार नाही. म्हणून आम्ही काकांसच परीक्षक केले. त्यांनी आग्रही मुलाची भूमिका अशी वठविली की, ती वठवीत नसून खरीच आहे हे सर्वांस दिसत होते. मुलीने त्यांना तीनदा शांतपणे नाही म्हटले, आणि चौथ्या वेळी आईच्या हातून पेला काढून घेण्याऐवजी तो खाली ठेवण्यासाठी जवळ एक उंच तिवई मांडण्याचे काम त्यांच्याकडे दिले. उत्साही नातेवाइकाला बाजूस न सारता कामाला लावावे, ही युक्ती तिने कोठे वाचली होती की तिला तेव्हाच सुचली, हे आम्ही विचारले नाही.

राहता राहिली व्यवस्था. अशा मुलाखती पुष्कळदा घरबसल्या, पडद्यावर होतात. ब्रिटनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. म्हणजे तेथील सकाळचे दहा येथे हिवाळ्यात दुपारचे साडेतीन होतात. त्या वेळी कुकर लावू नये, दूरदर्शनसंच बंद असावा आणि धाकट्या मुलांस खाली खेळावयास पाठवावे. उमेदवार असलेल्या खोलीत घरातील कोणीही, कितीही मायेने असो, दाराआड उभे राहून उत्तरे सुचवू नयेत. काकांस त्या दिवशी मुलुंडला काही काम काढून देण्याचे आजींनी आधीच ठरवून ठेवले आहे.